एकशे सहा किलो

“ते हॉर्सपॉवर राहू दे बाजूला. किलोमागं काय पडतंय, तेवढं सांग.”

असं म्हणून हिंदुराव इंगवल्यांनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मी सतरा पानांचा अहवाल हातात धरून उभा होतो. त्यात तीन इंजिनांची तुलना होती, रंगीत आलेख होते आणि शेवटच्या पानावर जाड अक्षरांत माझी शिफारस होती. पण ‘किलोमागे भाव’ असा रकाना त्या सतरा पानांत कुठेच नव्हता. इंजिन ही कांद्यासारखी वजनावर घ्यायची वस्तू आहे, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

“मालक, इंजिन किलोवर नसतं घेत,” मी म्हणालो.

“मग कशावर घेत्यात? फुटावर?”

खोलीत आम्ही तिघंच होतो. मालक, मी आणि मगदूम सर. सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत होते. ते हसले नाहीत, पण टोक करायचे मात्र थांबले.

ही एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुरावांची फौंड्री होती, इंगवले कास्टिंग्ज. पंपांची कवचं, ट्रॅक्टरचे भाग, गटारांची झाकणं, जे म्हणाल ते बिडात ओतून मिळे. बीड किलोवर विकत घ्यायचं, वितळवायचं आणि किलोवरच विकायचं, यात हिंदुरावांची तीस वर्षं गेली होती आणि त्यातून तीन बंगले उभे राहिले होते. जगातली प्रत्येक वस्तू ते मनातल्या मनात काट्यावर ठेवत. मुलीच्या लग्नात जावयाकडे पाहूनही ते पहिल्यांदा “ऐंशी-पंच्याऐंशी भरंल” असं म्हणाले होते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

अशा माणसाला स्पोर्ट्‌स कार बनवायची हुक्की आली ती व्याह्यांमुळे. व्याही साखरपुड्याला परदेशी दोन सीटर गाडीतून आले. लाल, बुटकी, घरघरणारी गाडी. हिंदुरावांनी सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्यात बसून दाखवलं. आत गेले ते ठीक, पण बाहेर येता येईना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. फोटोग्राफरने त्याचेही फोटो घेतले आणि आल्बममध्ये लावले. तेव्हापासून मालकांनी ठरवलं, की विकतची गाडी कुणीही मिरवतो, आपण स्वतःची बनवायची, आणि ती व्याह्यांच्या गाडीच्या पुढे गेली पाहिजे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. सुहास तोडकर, बी. ई. मेकॅनिकल, फौंड्रीत झाकणांच्या साच्यांवर देखरेख करणारा. मीच मालकांना सांगितलं की भारी इंजिनामागे लागू नका, गाडीच हलकी करा, म्हणजे छोट्या इंजिनावरसुद्धा ती बाणासारखी सुटेल.

“हलकी?” मालकांनी तोंड वाकडं केलं होतं. “लोक म्हणतील, इंगवल्यानं हलका माल काढला.”

पण ‘व्याह्यांच्या गाडीपेक्षा सहाशे किलोंनी कमी’ असं म्हटल्यावर त्यांना त्यात काहीतरी शर्यत दिसली असावी. ते कबूल झाले. गाडी धावली तर मला चीफ इंजिनिअर करायचं वचनही देऊन बसले. झाकणांतून सुटायला मला दुसरी वाट दिसत नव्हती.

सांगाड्याचं आणि स्प्रिंगांचं काम मी मगदूम सरांकडे द्यायला लावलं. आदगोंडा मगदूम. ट्रकच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. कॉलेजात असताना मी त्यांच्या रुकडीच्या घरी ड्रॉइंग शिकायला जायचो. फी विचारली की म्हणायचे, “रेघ सरळ काढ, तीच फी.” सगळ्या वसाहतीत त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची, की मगदुमांच्या हिशोबाची स्प्रिंग दुसऱ्यांदा करावी लागत नाही. पण त्या तेहतीस वर्षांत त्यांनी केलेली प्रत्येक स्प्रिंग दुसऱ्या कुणीतरी काढलेल्या ट्रकसाठी होती. ही पहिली गाडी अशी होती, की जिचा सांगाडा त्यांनी स्वतःच्या हाताने कोऱ्या कागदावर काढला होता. वय त्रेसष्ट.

“सुहास, ही एक नीट धावली की मी फळा पुसला,” ते मला म्हणाले होते. “मग खुशाल नातवंडं खेळवीन.”

तर त्या दिवशी टेबलावर तीन इंजिनं होती, म्हणजे कागदावर. पहिलं जुन्या जीपचं डिझेल इंजिन. दोनशे दहा किलो, पंचेचाळीस हजार. ते मालकांच्या मेहुण्याच्या गॅरेजात पडून होतं आणि मेहुणा ते कुणाच्या तरी गळ्यात मारायला टपला होता. दुसरं एका छोट्या घरगुती गाडीचं पेट्रोल इंजिन. एकशे पंधरा किलो, नव्वद हजार. चांगलं, शहाणं, सकाळी मुलांना शाळेत सोडणारं इंजिन. आणि तिसरं, ज्याच्यावर माझा जीव जडला होता, ते एका जपानी मोटरसायकलचं. हजार सीसी, गिअरबॉक्स पोटातच, वजन अवघं अडुसष्ट किलो, ताकद घरगुती गाडीच्या दुप्पट. किंमत दोन लाख चार हजार.

मालकांनी स्वतःच कॅल्क्युलेटर ओढून घेतला.

“जीपचं पडतंय दोनशे चौदा रुपये किलो. ह्ये दुसरं सातशे ब्याऐंशी. आनि तुझं जपानी...” त्यांनी आकडा दोनदा मारला. मग माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या खिशात हात घालताना सापडलो होतो. “तीन हजार? तीन हजार रुपये किलो? अरं चांदीच्या भावाला भिडाय निघालास की रं!”

“मालक, ते हलकं आहे म्हणूनच महाग आहे.”

“म्हंजे कमी माल द्यायचा आनि जास्त पैसं घ्यायचं! जपानी हुशार हाय. आनि तू त्येच्या बाजूनं बोलतोयस.”

मी सरांकडे पाहिलं. सर खाकरले. “इंगवलेसाहेब, गाडी मागच्या चाकांवर नाचू द्यायची नसेल, तर ह्या तिघांत तेच इंजिन बरं. वजन कमी, आणि मधोमध बसतंय.”

“मास्तर, तुमी स्प्रिंगांचं बघा. भावाचं मी बघतो.” मालक उठले. दारात थांबून त्यांनी शेवटचा निकाल दिला. “दोन हजार रुपये किलोच्या वर इंगवले रुपया देणार न्हाई. त्या भावात बसत असंल तर आन जपानी. न्हाईतर मेव्हण्याचं जीपचं इंजिन उद्या उचलून आनतो.”

जीपचं इंजिन! दोनशे दहा किलोंचं धूड त्या नाजूक सांगाड्यात! मी रात्रीच्या जेवणाला बसलो तरी तोंडात घास फिरेना. आणि मग भातावर वरण ओतता ओतता मला उत्तर सुचलं. मालकांना किंमत कमी करून नको होती. त्यांना किलोमागचा भाव कमी करून हवा होता. किंमत जपान्यांच्या हातात होती, पण किलो तर माझ्या हातात होते!

दुसऱ्या दिवशी मी नवा तक्ता टाइप केला. तिसरं इंजिन, सर्व साहित्यासह, वजन एकशे सहा किलो. ‘सर्व साहित्य’ म्हणजे काय, तर लाकडी पेटी, तिच्यातले पाट, पट्ट्या, खिळे, पेंढा आणि उरलेली माझी कल्पनाशक्ती. दोन लाख चार हजार भागिले एकशे सहा, एक हजार नऊशे चोवीस रुपये किलो. एकशे दोनवरही काम भागलं असतं, पण मालकांना घासाघीस जिंकल्याचा आनंद मिळावा म्हणून मी चार किलो जास्त घातले.

मालकांनी तक्ता वाचला, कॅल्क्युलेटर मारला आणि त्यांचा चेहरा खुलला. “बघ! काल अडुसष्ट म्हणत होतास. जरा दम दिला, तर अडतीस किलो जास्त निघाले का न्हाई?”

“निघाले, मालक.”

“ह्याला म्हणत्यात खरेदी.”

त्यांनी सही केली आणि ‘मंजूर’चा जांभळा शिक्का हाणला. इंगवले कास्टिंग्जचा नियम असा, की शिक्का बसलेला कागद हेच सत्य. त्याची झेरॉक्स प्रत्येक टेबलावर जायची आणि मालकांच्या सहीशिवाय त्यातला एक आकडाही कुणी बदलायचा नाही. एकदा शिक्का बसलेल्या कागदावर ‘गटाराचे झाकण, चौकोनी’ असं चुकून टाइप झालं होतं, तर गोल मागवलेली चाळीस झाकणं चौकोनी ओतली गेली होती. मालकांनी मग तीच नगरपालिकेच्या गळ्यात मारली.

माझ्या तक्त्याची झेरॉक्स सरांच्या टेबलावरही गेली.

खरा आकडा मी सरांच्या कानात सांगणार होतो. आईशप्पथ सांगणार होतो. संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी गेलो, तर सरांनी माझा तक्ता पुढे ठेवून पहिल्याच ओळीत एकशे सहा लिहूनही टाकलं होतं.

“शाबास रे,” ते चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. “लोक नुसत्या इंजिनाचं वजन देतात आणि बाकीचं विसरतात. तू तेल, पाणी, सायलेन्सर सगळं धरलंस. मी तुझ्या अडुसष्टावर पुन्हा मोजणारच होतो, पण तू काम वाचवलंस बघ.”

सरांची शाबासकी मला सहा वर्षांत दोनदा मिळाली होती. ही तिसरी. मी म्हणालो, “तुम्हीच शिकवलंय, सर.” आणि घरी आलो. स्प्रिंगा वळवायला अजून आठवडा आहे, सोमवारी सांगू, असं स्वतःला समजावलं. सोमवारी कळलं की सरांनी शनिवारीच माप देऊन टाकलं. दसऱ्याला गाडी रस्त्यावर यायची होती, म्हणून मालकांनी घाई लावली होती. मग मी म्हटलं, तेल-पाणी-सायलेन्सर धरून तसंही नव्वदच्या आसपास जाईलच की. पंधरा-सोळा किलोंनी काय होतंय? आता सांगतो, इंजिनाचं वजन खरंच सगळं धरून शहात्तर भरत होतं. मी ते तेव्हाही जाणत होतो.

इंजिन आलं खंडेनवमीच्या आधी चार दिवस. पेटी फोडून आम्ही ते सांगाड्यात बसवलं आणि किल्ली फिरवली, तर पहिल्या फटक्याला चालू झालं. तो आवाज ऐकून फौंड्रीतले ओतारी भट्टी सोडून बघायला आले. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच हुकूम सोडला, की गाडीच्या नाकावर आपल्या फौंड्रीत ओतलेली बिडाची पाटी पाहिजे, ‘इंगवले’ अशी, चौदा किलोंची. हलक्या गाडीच्या नाकावर चौदा किलो बीड! सरांनी हूं की चूं न करता ते वजनही हिशोबात घेतलं आणि पुढच्या स्प्रिंगा एक वेढा आवळल्या.

खंडेनवमीला गाडी पूजेसाठी अंगणात उभी केली. झेंडूची माळ, हळदी-कुंकू, चारी चाकांखाली लिंबं. आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की गाडी मागून उंच दिसतेय.

“व्वा!” मालक म्हणाले. “कशी खोंडागत उभी हाय बघा! ढांग टाकायच्या तयारीत.”

सर मात्र चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी टेप लावला, काढला, पुन्हा लावला. मग उभे राहिले आणि गुडघ्यांची धूळ न झटकताच माझ्याकडे आले.

“सुहास, मागे साडेतीन सेंटिमीटर उंच आहे. इंजिनाचं वजन परत एकदा सांग.”

मालक शेजारीच उभे होते. हातात नारळ. त्यांचे कान या शब्दावर टवकारले गेले. वजन हा शब्द ते झोपेतही ऐकत.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या असं म्हणायची पद्धत आहे. खोटं आहे ते. मला एकच वाट दिसत होती, आणि तिच्या शेवटी माझी झाकणं रांगेने उभी होती.

“एकशे सहा, सर,” मी म्हणालो.

“नक्की?”

“तक्त्यावर आहे की.”

“तक्त्यावर आहे, पण गाडी वेगळं सांगतेय.” सरांनी गेटकडे पाहिलं. तिथे भंगाराच्या ट्रकचा वजनकाटा होता. “साहेब, पाच मिनिटं लागतील. गाडी काट्यावर घेऊ या. आधी पुढची चाकं, मग मागची. म्हणजे शंका मिटेल.”

मालकांनी हातातला नारळ काट्याच्या दिशेने रोखला. “मास्तर, काय बोलताय? पूजा व्हायची हाय अजून. सोन्यासारखी गाडी भंगाराच्या काट्यावर चढवू? उद्या व्याही बघाय येणार, आनि आज काट्यावर?”

“पाच मिनिटं फक्त.”

“ए तोडकर, तू सांग. आकडा पक्का हाय का न्हाई तुझा?”

सर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. ते माझ्याकडून मदत मागत होते. मी नुसतं ‘घेऊ या काट्यावर’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मग अडतीस किलोंचा हिशोब मालकांनी माझ्याकडून तिथेच मागितला असता, एवढंच.

“काट्याची गरज नाही, सर,” मी म्हणालो. “आकडा पक्का आहे. स्प्रिंगा नव्या आहेत, बसतील दोन दिवसांत.”

सरांनी टेप गुंडाळला. “बरं,” ते म्हणाले. “तू म्हणतोस तर मग माझंच काहीतरी राहिलं असेल.”

दसऱ्याला सकाळी नऊला मालकांच्या उसाच्या कडेने जाणाऱ्या खासगी रस्त्यावर मांडव उभा राहिला. दोनशे माणसं. हलगी, घुमकं, कैताळ, सगळी वाजंत्री. पेढ्यांची परात. व्याही त्यांच्या लाल गाडीतून आले आणि कुणाच्याही मदतीशिवाय बाहेर पडले, ते मालकांनी नीट बघून घेतलं. ठरलं असं होतं की मालक व्याह्यांना शेजारी बसवून पहिली फेरी मारणार. रस्ता सरळ जाऊन उसाच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळत होता. तिथवर जाऊन परत यायचं.

सर पुढे आले. डोक्यावर हेल्मेट होतं, अंगात नेहमीचा पांढरा शर्ट.

“साहेब, आधी मी एकट्यानं फिरवून आणतो. मग तुम्ही बसा.”

“का? भ्या वाटतंय व्हय आमच्या चालवण्याचं?”

“तुमचं नाही. माझ्या हिशोबाचं.”

मालकांना ते अपमानास्पद वाटलं नाही, उलट मास्तर त्यांच्या आधी पुढे होतोय म्हणजे सेवा करतोय असं वाटलं. त्यांनी हात उंचावून परवानगी दिली. सर गाडीत बसले. हलगी कडाडली.

इंजिन सुरेख चाललं. हे सांगायलाच हवं, इंजिनात काडीचाही दोष नव्हता. गाडी सरळ रस्त्यावर अशी सुटली, की व्याह्यांच्या तोंडातला पेढा तिथेच राहिला. मालक ओरडले, “बघा! बघा!” मग वळण आलं. सर वेग कमी करत होते, मला लांबून दिसत होतं. पण एकशे सहा किलोंसाठी वळलेल्या त्या कडक स्प्रिंगांनी हलकं बूड जमिनीवर टेकू दिलं नाही. मागची चाकं उचलली गेली, गाडी स्वतःभोवती एक फेरी फिरली आणि शेपटाकडून उसात शिरली. उसाची पानं वर उडाली. इंजिन बंद पडलं.

हलगीवाल्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी जोर वाढवला.

आम्ही पळत पोचलो तोवर सर उसातून चालत बाहेर येत होते. शर्ट फाटलेला, डावा हात उजव्या हाताने धरलेला, हेल्मेटवर उसाचं लांब पान तुऱ्यासारखं अडकलेलं. खांद्याचं हाड मोडलंय, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त ते पान दिसत होतं.

मालकांनी मागच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “मास्तर, गाडी चालवाय सांगितली हुती. ऊस तोडाय न्हाई.”

दोनशे माणसं हसली. व्याही सगळ्यात जास्त. आणि मीही हसलो. ते हसू मी आवरू शकलो असतो. मला अजून त्याची लाज वाटते, खोट्या आकड्याहून जास्त.

“चूक कुणाची?” हसू ओसरल्यावर मालकांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “इंजिनाची का स्प्रिंगांची?”

“माझी,” सर म्हणाले. “इंजिन उत्तम आहे. स्प्रिंगा माझ्या हिशोबाच्या. हिशोब चुकला.”

“तेहतीस वर्षं काय क्येलं मग, मास्तर?”

कुणीतरी सरांना जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. मी गाडीपाशी थांबलो, कारण मालक म्हणाले, “तोडकर, तू इंजिनाजवळ थांब. तेवढं एकच धड हाय यात.” दिवाळीच्या आधी मी चीफ इंजिनिअर झालो. गाडीचा नाद मालकांनी सोडला आणि व्याह्यांशी बोलणंही. सरांचं नाव मात्र वसाहतीत लोक वेगळ्या कारणाने काढू लागले. दसऱ्याची गोष्ट चहाच्या गाड्यावर सांगितली जायची आणि तिच्यात हेल्मेटवरचं पान न चुकता यायचं.

पंधरा दिवसांनी मी रुकडीला गेलो. चारचा सुमार. सरांच्या पत्नीने, पद्मा काकूंनी, दार उघडलं. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, उलट त्यांना बरंच वाटलं.

“बरं झालं आलास बाबा. तूच समजाव आता त्यांना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “जेवताना आमटीत बोट बुडवून ताटात आकडे काढतात. घास तसाच राहतो. हात मोडला त्याचं काही नाही. म्हणतात, चूक सापडत नाही.”

सर ड्रॉइंग बोर्डापाशी बसले होते. डावा हात झोळीत. पुढे कागदांचा गठ्ठा. दाढी वाढली होती, आणि दाढी वाढलेले सर मी कधी पाहिले नव्हते.

“ये,” ते म्हणाले. “अकरा वेळा केला मी हा हिशोब. अकराही वेळा तेच उत्तर येतं. म्हणजे प्रत्येक वेळी मी तीच चूक करतोय, आणि मला ती दिसत नाही. आता तू बघ. तुझी नजर ताजी आहे.”

त्यांनी मला वरचा कागद दिला. सुंदर अक्षर, सरळ रेघा. पहिली ओळ, इंजिन, एकशे सहा. तिथपासून खाली सव्वीस ओळी, एकही खाडाखोड नाही, एकही चूक नाही. मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि परत पहिल्या ओळीवर आलो. बोट ठेवायचं होतं फक्त. मालक नव्हते तिथे. व्याही नव्हते. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या.

“दिसतंय का काही?” सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती.

“दिसतंय, सर.”

“कुठे?”

माझं बोट खाली गेलं. चौदाव्या ओळीवर. “इथे. स्प्रिंग तिरकी बसवलीय, तिची वजावट तुम्ही नवव्या ओळीत धरलीय. आणि इथे परत धरलीय. दोनदा झाली.”

दोनदा झाली नव्हती. नवव्या ओळीत वेगळीच गोष्ट होती. मला ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाला हे एका नजरेत कळायला हवं होतं. मी वाट पाहिली. खरं सांगतो, ते चिडावेत, कागद हिसकावून घ्यावा आणि ‘गाढवा, नीट बघ’ म्हणावं, अशी मी वाट पाहिली.

सरांनी चष्मा लावला. नववी ओळ पाहिली, चौदावी पाहिली. पेन्सिल उचलली, पण काही मांडलं नाही.

“दोनदा,” ते म्हणाले. “अस्सं. दोनदा धरली मी.” आणि त्यांचा चेहरा सैलावला. “वय झालं रे. दिसलंच नाही.”

मग त्यांनी झोळीतल्या हाताच्या बोटांनी पट्टी दाबून, बरोबर असलेल्या चौदाव्या ओळीवर सरळ रेघ मारली, वर माझी चूक लिहिली, आणि कागद माझ्याकडे फिरवला. खालच्या कोपऱ्यात नेहमीचा चौकोन आखलेला होता. ‘काढणारा’ यापुढे त्यांची सही होती. ‘तपासणारा’ याच्यापुढची जागा रिकामी होती.

“इथे तुझी सही घाल,” ते म्हणाले. “आणि काकूंना सांग, सापडली म्हणून. आता मी सुखानं जेवीन.”

मी सही केली. तारीख घातली. सरांनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून माझं नाव पूर्ण वाचलं, मान हलवली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. काकूंनी आतून हाक मारली, दिवस मावळायच्या आत जेवून घ्या दोघं. आम्ही शेजारी शेजारी पाटावर बसलो. सरांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी तीन.